कुंपणावरील रानफळांची ओळख : खाद्य व विषारी जातींतील भेद

चैत्र-वैशाखात सह्याद्रीच्या उतारांवर करवंदे पिकू लागली म्हणजे शहराजवळच्या टेकड्यांवर ती तोडण्यासाठी हौशी मंडळींची ये-जा सुरू होते. खेड्यातील मुलास रानफळांची पारख वडीलधाऱ्यांच्या व गुराख्यांच्या संगतीत सहज लाभते. शहरात वाढलेल्यांपाशी ही परंपरा उरलेली नाही. त्यामुळे ते ऐकीव ठोकताळ्यांवर विसंबतात. हे ठोकताळे कितपत ग्राह्य आहेत आणि त्यांच्या जागी कोणती रीत असावी, याचा विचार येथे केला आहे.

‘पक्षी जे फळ खातात ते माणसासही चालते’ हा पहिला ठोकताळा होय. कोकणात आढळणाऱ्या काजऱ्याचे (स्ट्रिक्नॉस नक्स-व्होमिका) नारिंगी, गोल फळ धनेश पक्षी आवडीने खातो व आतील कठीण बिया अखंड बाहेर टाकतो. त्याच बियांत स्ट्रिक्निन हे अतितीव्र विष असते. ‘पांढरा चीक असेल ती वनस्पती विषारी’ हा दुसरा समज. करवंदास भरपूर चीक असूनही त्याचे पिकलेले फळ निर्धोक आहे. उलट काजरा व गुंज यांना दुधासारखा चीक नसूनही त्यांच्या बिया प्राणघातक आहेत. ‘कडू ते विषारी, गोड ते खाद्य’ हा तिसरा समज तर सर्वांत घातक. युरोपातील बेलाडोनाचे विषारी फळ चवीला गोडसर असते. शिवाय, जो धोका टाळावयाचा तोच चव पाहताना पत्करला जातो.

तात्पर्य, एका लक्षणावरून निर्णय होत नाही. लक्षणांचा समुच्चय पाहावा लागतो. करवंद (कॅरिसा करंडास) आणि पिवळी कण्हेर अथवा बिट्टी (थेव्हेटिया पेरुव्हियाना) यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. दोन्ही ॲपोसायनेसी म्हणजे करवीर कुलातील, दोन्ही चिकाळ, दोन्ही कुंपणास लावल्या जाणाऱ्या आणि दोहोंची फळे पक्वावस्थेत काळपट होणारी. तथापि करवंदाच्या जाळीस बळकट, पुष्कळदा दुभंगलेले काटे असतात. पाने जाड, लंबगोल व समोरासमोर असतात. फुले पांढरी व सुवासिक. फळ लहान असून त्यात काही मऊसर चपट्या बिया असतात. बिट्टीस काटे मुळीच नसतात. पाने अरुंद, लांब व एकाआड एक. फुले पिवळी व नसराळ्यासारखी. फळ मोठे, काहीसे चौकोनी व आत कठीण आठळी असलेले. बिट्टीच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, हृदयाच्या क्रियेत बिघाड करणारी ग्लायकोसाइडे असतात. सुटे फळ हाती घेऊन चूक संभवते. परंतु काटे, पानांची मांडणी व फूल ही तीन लक्षणे एकत्र पाहिल्यास ती संभवत नाही.

जातीची ओळख पटली तरी पक्वतेचा प्रश्न उरतो. कामोणीची (सोलॅनम नायग्रम) पूर्ण पिकलेली काळी फळे अनेक ठिकाणी खाल्ली जातात. हिरव्या फळांत मात्र सोलॅनीनसारखी विषारी अल्कलॉइडे असतात. पाश्चात्त्य ग्रंथांत हिची तुलना बेलाडोनाशी केलेली आढळते. ती वनस्पती महाराष्ट्रात रानटी अवस्थेत उगवत नाही. तिची भारतीय सजातीय (ॲट्रोपा ॲक्युमिनाटा) पश्चिम हिमालयात आढळते. बेलाडोनाची फळे एकेकटी व पसरट, ठळक संवर्तावर बसलेली असतात, तर कामोणीची वाटाण्याएवढी फळे लहान घोसांत येतात. परदेशी पुस्तकावरून स्थानिक फळ ओळखताना कोणती भ्रांती होऊ शकते, हे यावरून ध्यानात येईल.

देशी नावांचाही भरवसा धरता येत नाही. ‘अळू’ म्हणजे पानांची भाजी हे सर्वपरिचित; परंतु सह्याद्रीच्या परिसरात ‘अळू’ हे मेयना लॅक्सिफ्लोरा या काटेरी झाडाच्या फळाचेही नाव आहे. म्हणून नावाची खातरजमा नमुन्यावरून करणे अगत्याचे ठरते. त्यासाठी थिओडोर कूक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ अद्यापि उपयुक्त आहे. मात्र त्यातील काही शास्त्रीय नावे पुढे बदलली आहेत. तसेच भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील पश्चिम विभागात, ज्याची स्थापना १९५५ साली झाली, शुष्क वनस्पतींचा संग्रह उपलब्ध आहे.

क्षेत्रसहलीतील अभ्यासकाने पुढील क्रम पाळावा. फळ सुटे न घेता पाने, काटे व शक्य तर फूल यांसह फांदी घ्यावी. पानांची मांडणी, चीक, संवर्त व बिया तपासाव्यात. जाणकाराकडून नमुना पडताळून घ्यावा. एकही लक्षण जुळत नसल्यास फळ खाऊ नये. अनोळखी फळ कोणी खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे व सोबत त्या वनस्पतीची फांदी न्यावी. विषाचे निदान पुष्कळदा त्या फांदीवरच अवलंबून असते. वर्गीकरणशास्त्र हा केवळ परीक्षेचा विषय नव्हे, याची याहून स्पष्ट साक्ष क्वचितच मिळेल.