गवतातली जांभळी व्हायोलेट

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे फूल चांगलं परिचयाचं असणार. एप्रिलमध्ये अंगणातल्या गवतात जांभळी फुलं दिसू लागतात आणि बरेच जण ती तण समजून उपटतात. खरं तर ते त्या राज्याचं राज्यफूल आहे.

ओळख

शास्त्रीय नाव व्हायोला सोरोरिया. मूळ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली ही रानवनस्पती. ऱ्होड आयलंड, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय यांनीही व्हायोलेटलाच राज्यफुलाचा मान दिला. इलिनॉयने तर १९०८ सालीच. आपल्याकडे कुंडीत लावतात ती आफ्रिकन व्हायोलेट मात्र वेगळ्याच कुळातली.

पान आणि फूल

जमिनीवर उभं खोड नसतंच. जमिनीत आडव्या वाढणाऱ्या जाड खोडातून पानांचे आणि फुलांचे देठ थेट वर येतात. पानं हृदयाच्या आकाराची. फुलाला पाच पाकळ्या, बाजूच्या दोन पाकळ्यांवर आतून पांढरी लव. सुगंध जवळजवळ नाही. कोवळी पानं आणि फुलं खाता येतात, पण तणनाशक मारलेल्या जागेतली मुळीच खाऊ नयेत.

न उमलणारी फुलं

या झाडाचं खरं नवल उन्हाळ्यात असतं, आणि ते सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. जांभळा बहर सरला की पानांखाली, मातीलगत दुसरी फुलं धरतात. ती कधीच उमलत नाहीत. मिटल्या कळीतच स्वपरागण होतं, मधमाशीची वाट पाहावी लागत नाही. आपल्या शेतातला केनाही जमिनीखाली अशी मिटलेली फुलं धरतो.

बोंड पिकलं की त्याच्या तीन फाका होतात. त्या सुकताना आकसतात आणि दाबाने बिया दूर उडतात. प्रत्येक बीला स्निग्ध गर चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बी वारुळात नेतात, गर खातात आणि बी टाकून देतात. तिथे ती रुजते. म्हणूनच नुसतं वरवर उपटून ही वनस्पती हटत नाही.

फुलपाखराचं अन्न

ग्रेट स्पँगल्ड फ्रिटिलरी या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या व्हायोलेटचीच पानं खातात. उन्हाळा संपताना मादी या झाडांच्या आसपास अंडी घालते. अळ्या बाहेर पडतात आणि पान न खाता पाचोळ्यात हिवाळा काढतात. वसंतात कोवळी पानं फुटली की खायला लागतात. एवढ्यासाठी तरी, अंगणातला पाचोळा झाडताना व्हायोलेटच्या भोवतालची जागा तशीच सोडावी.