मागे गाडी जोडण्याआधी पुढच्या गाडीची ताकद मोजा



या आठवड्याच्या व्हिडिओत अमेरिकेतल्या हायवेचं एक दृश्य दाखवलं होतं. पुढे एक आटोपशीर मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, आणि तिच्या मागे दांड्याने जोडलेली छोटी कार. कारमध्ये ड्रायव्हर नाही, चारही चाकं रस्त्यावर, आणि दोन्ही गाड्या एका वेगात चालल्यात.

दुकानदारीच्या चॅनेलवर हे कशाला, असं वाटलं असेल. सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण सध्या काहीतरी "जोडायच्या" विचारात आहात. कुणाला दुसरं दुकान, कुणाला नवी मशीन, कुणाला डिलिव्हरीचा टेम्पो. चालत्या गोष्टीमागे दुसरी गोष्ट जोडताना काय काय मोजावं लागतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. इथे हिशोब चुकला तर गिअरबॉक्स जळतो किंवा गाडी वेळेवर थांबत नाही. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

कार मागे का बांधतात?

मोटरहोममध्ये बिछाना, गॅस, टॉयलेट, पाण्याची टाकी सगळं असतं. कॅम्पच्या जागेवर ती लावली, पाणी-वीज जोडली, की तिथे घर मांडलं जातं. मग दूध आणायला जायचं तर? सगळं आवरा, जोडण्या काढा, घरच घेऊन बाजारात जा. त्यापेक्षा मागे छोटी कार असली की काम सोपं. तिकडे अशा कारला "डिंगी" म्हणतात, म्हणजे मोठ्या बोटीमागे बांधलेली छोटी होडी.

जोडायच्या पद्धती तीन. एक, चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढणं. दोन, पुढची दोन चाकं डॉलीवर, म्हणजे दोन चाकी छोट्या गाड्यावर चढवणं. तीन, अख्खी कार ट्रेलरवर घालणं. तिसऱ्या पद्धतीत ट्रेलरचं वजनही ओढावं लागतं, त्यामुळे छोट्या मोटरहोमला ती सहसा जड जाते.

हुकाची ताकद वेगळी, गाडीची वेगळी

आता मुख्य मुद्दा. विनेबॅगो कंपनीची "व्ह्यू" ही मर्सिडीज स्प्रिंटरच्या चासीवरची आटोपशीर मोटरहोम घ्या. गेल्या काही वर्षांतल्या मॉडेलचे आकडे असे आहेत: मागचा हुक ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो ओढू शकतो. सामान-माणसांसह मोटरहोमचं कमाल वजन ११,०३० पौंड, साधारण ५,००० किलो. आणि तिसरा आकडा, जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: पुढची आणि मागची गाडी मिळून एकूण कमाल वजन १५,२५० पौंड, साधारण ६,९२० किलो.

वजाबाकी करा. मोटरहोम पूर्ण भरलेली असेल तर मागच्या कारसाठी उरतात ४,२२० पौंड, म्हणजे जेमतेम १,९१५ किलो. हुक २,२७० म्हणतोय, पण गाडी १,९१५ म्हणतेय. ऐकायचं कुणाचं? जो आकडा लहान, त्याचं.

चार दारांची जीप रँगलर १,९०० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड भरते. हुकाकडे बघून ती जोडली, तर इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक सगळेच मर्यादेच्या टोकावर. होंडा फिट, जी आपल्याकडे जॅझ नावाने विकली जायची, ती साधारण १,१५० किलोची. अशा वजनाची कार जोडली तर घाट चढताना गाडीकडे श्वास उरतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हुक म्हणजे बँकेने मंजूर केलेलं कर्ज. बँक तिचं गणित करून सांगते की एवढा हप्ता तुम्हाला जमेल. पण तुमच्या धंद्यावर आधीच घरखर्च आहे, उधारी आहे, मालात अडकलेला पैसा आहे. ते सगळं वजन धरून मागे किती ओढता येईल, हा आकडा तुम्हालाच काढायचा असतो.

प्रत्येक गाडी ओढून चालत नाही

"न्यूट्रलमध्ये टाकली की झालं" असं वाटतं, पण तसं नाही. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग तेलाशिवाय फिरतायत. शे-दोनशे किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सची वाट लागू शकते.

होंडा सीआर-व्ही हे याचं चांगलं उदाहरण. २०१४ पर्यंतची सीआर-व्ही ठरलेल्या क्रमाने गिअर फिरवून ओढता यायची, म्हणून मोटरहोमवाल्यांची ती लाडकी होती. २०१५ च्या मॉडेलला अमेरिकेत सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि चारही चाकांवर ओढणं बंद झालं. नाव तेच, दिसायला जवळपास तशीच, पण ओढायला नालायक. म्हणून तिकडचा जाणकार माणूस कार घेण्याआधी त्याच वर्षाच्या मॉडेलचं मालकाचं पुस्तक उघडतो आणि ओढण्याबद्दलचं पान वाचतो.

तुमच्या मित्राची फ्रँचायझी पाच वर्षांपूर्वी चालली, म्हणून आजच्या करारावर डोळे झाकून सही करू नका. आजचा करार वाचा.

ओढण्यापेक्षा थांबणं अवघड

५,००० किलोच्या गाडीमागे १,२०० किलोची कार जोडली की थांबवायचं वजन २४ टक्क्यांनी वाढतं. मोटरहोमचे ब्रेक सगळं वजन पेलतील हे गृहीत धरता येत नाही. म्हणून मागच्या कारमध्ये वेगळी ब्रेक यंत्रणा बसवतात. पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्या कारचाही ब्रेक लागतो. बऱ्याच राज्यांत ठराविक वजनाच्या वर हे कायद्यानेच लागतं. शिवाय एक बारीक केबल असते. दांडा तुटून कार सुटलीच, तर केबल खेचली जाते आणि कारचे ब्रेक आपोआप लागतात. जोडीला सुरक्षा साखळ्या किंवा वायररोप, आणि मागचे दिवे पुढच्या गाडीच्या दिव्यांसोबत लागावेत म्हणून वायरिंग.

विस्तार करणारे नव्वद टक्के डोकं "ओढायचं कसं" यावर लावतात. ब्रेक म्हणजे तुमची बाजूला ठेवलेली रक्कम, जी दोन-तीन महिने वाईट गेले तरी पहिल्या दुकानाला हात लावू देत नाही.

रिव्हर्स नाही

ज्यांनी ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहिलाय, त्यांना हे सांगायला नको. दोन ट्रॉल्या घेऊन मागे येणं म्हणजे दिव्य. चार चाकांवर ओढलेल्या कारचंही तेच. रिव्हर्स घेतला की कारची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि दांडा वाकतो. म्हणून चुकीच्या गल्लीत शिरलात तर उतरायचं, कार सोडायची, दोन्ही गाड्या वेगळ्या वळवायच्या, मग पुन्हा जोडायच्या. जाणकार लोक पेट्रोल पंपावर शिरण्याआधीच बघतात की समोरून सरळ बाहेर पडता येईल का.

गाळ्याच्या भाडेकरारात लॉक-इनचा काळ लिहिलेला असतो. मशीनच्या कर्जात मुदतीआधी फेडण्याचा दंड असतो. शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघा.

मुळात जोडायची गरज आहे का?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, खरं तर तो पहिला हवा. व्ह्यूसारखी गाडी साधारण साडेसात मीटर लांब. तिच्यामागे दांडा आणि कार मिळून सगळं लांबण १३ मीटरच्या आसपास जातं. आटोपशीर गाडी कशासाठी घेतली होती? कुठेही शिरता यावं म्हणून. मग तोच फायदा आपण घालवत तर नाही ना?

पैशाचा हिशोबही बघा. समजा दांडा, कारला बसवायचा पाया, ब्रेक, वायरिंग आणि मजुरी मिळून ३,५०० डॉलर लागले. मुक्कामी भाड्याची कार दिवसाला ७० डॉलरला मिळते असं धरा. ३,५०० भागिले ७०, म्हणजे ५० दिवस. वर्षात दहा दिवसच कार लागत असेल तर खर्च वसूल व्हायला पाच वर्षं. सहा महिने रस्त्यावर राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला मात्र तो पहिल्याच वर्षी वसूल. अजून एक खुबी: दांडा आणि ब्रेक पुढच्या कारला वापरता येऊ शकतात, पण पाया त्या-त्या मॉडेलपुरताच. खर्च करताना काय पुन्हा कामी येणार आणि काय बुडीत, हे वेगळं लिहा.

जोडणी विकणारे कोण?

हे मला फार आवडतं. "ब्लू ऑक्स" नावाचे दांडे नेब्रास्कातल्या पेंडर या हजार-बाराशे वस्तीच्या गावात बनतात. "डेमको" आयोवातल्या बॉयडन या त्याहून लहान गावातली. दोन्ही कंपन्यांचं मूळ शेतीच्या अवजारांत. ट्रॅक्टरमागे काहीतरी जोडायचं कसब हातात होतंच, तेच त्यांनी मोटरहोमवाल्यांपुढे मांडलं. तुमच्या गावातल्या वेल्डिंगवाल्याने हे जरूर वाचावं.

एक सूचना. आपल्याकडे कॅराव्हॅन पर्यटनाचं राज्य धोरण २०२१ मध्ये आलं आणि काही जण त्या धंद्याचा विचार करतायत. पण चांगली चालती कार दुसऱ्या गाडीमागे ओढणं आपल्या नियमांत बसत नाही. ओढता येते ती बंद पडलेली गाडी किंवा नोंदणी असलेला ट्रेलर. तेव्हा ही कल्पना जशीच्या तशी उचलू नका.

आता तुमची वही काढा

समजा पहिल्या दुकानातून सगळे खर्च आणि घरखर्च जाऊन महिन्याला १८,००० रुपये उरतात. बँक १५,००० हप्त्याचं कर्ज द्यायला तयार आहे. वाटतं, बसतंय. पण दुसऱ्या दुकानाचं भाडं १२,०००, एक माणूस १०,०००, लाइट बिल २,०००. हप्ता धरून महिन्याचं ओझं झालं ३९,०००. तुमच्याकडचे १८,००० वजा केले तरी २१,००० दुसऱ्या दुकानाने पहिल्या महिन्यापासून कमवायला हवेत. नफ्याचं मार्जिन २० टक्के असेल तर महिन्याची विक्री १,०५,०००, म्हणजे रोज ३,५०० रुपये. दुसरं दुकान स्वतःच्या पायावर उभं राहायला रोज ६,५००.

हा आकडा त्या गल्लीत होईल का? माहीत नसेल तर आधी "भाड्याची कार" वापरा. आठवडी बाजारात टेबल लावा, प्रदर्शनात स्टॉल घ्या, टेम्पो फेरीवर ठरवा. दोन-तीन महिने रोजची विक्री लिहा.

मग वहीत चार ओळी भरा: माझा धंदा खरंच किती ओढू शकतो, ब्रेकची रक्कम किती बाजूला आहे, बाहेर पडायला किती खर्च येईल, आणि ही गोष्ट वर्षातले किती दिवस खरंच लागणार. चारही ओळींत आकडा लिहिता आला, तर बँकेत जा. एकही ओळ रिकामी राहिली, तर सही करायची घाई करू नका. दुकान कुठे पळून जात नाही.