पोलादी तुळयांचे छेद व त्यांची निवड

एका वा अधिक आधारांवर टेकून आपल्या लांबीशी काटकोनात येणारा भार पेलणाऱ्या संरचना घटकास तुळई म्हणतात. तुळई आडवी कापली असता दिसणारी आकृती म्हणजे तिचा छेद होय. पोलादी तुळयांमध्ये इंग्रजी आय या अक्षरासारखा छेद सर्वांत परिचित असून बांधकामावर त्यालाच गर्डर म्हणण्याचा प्रघात आहे. त्यातील वरखालच्या आडव्या पट्ट्यांना फ्लँज व त्यांना जोडणाऱ्या मधल्या उभ्या पट्टीला वेब म्हणतात. रुंद फ्लँजांचा एच छेद, चॅनेल, अँगल आणि पोकळ चौकोनी वा गोल नळी हे इतर प्रचलित छेद होत. यांपैकी सर्वांत बळकट कोणता, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण तो अपुरा आहे. भार कोणत्या दिशेने येतो व तुळईची वरची कड बाजूने धरलेली आहे की मोकळी, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

दोन टोकांवर टेकलेली तुळई भाराखाली वाकते तेव्हा तिच्या वरच्या भागात संपीडन व खालच्या भागात ताण निर्माण होतो; मधल्या पातळीवर दोन्ही शून्य असतात. म्हणून धातू मध्याजवळ ठेवणे हा अपव्यय ठरतो. आय छेदात तो वरखाली फ्लँजांमध्ये लोटलेला असतो आणि वेब मुख्यतः कर्तन प्रेरणा पेलते. भारतीय मानकातील मध्यम वजनाच्या मालिकेतील ३०० मिमी. उंचीच्या तुळईचे वजन दर मीटरला सु. ४५ किग्रॅ. असते. तेवढ्याच वजनाच्या भरीव चौरस दांड्याची बाजू केवळ ७५ मिमी.च्या आसपास भरते आणि आय छेदाचे निरूढी परिबल या दांड्याच्या ३० पटींहून अधिक असते. उंचीचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. ३०० मिमी.चा एच छेद व ४०० मिमी.चा मध्यम आय छेद यांच्या वजनात सु. ५ टक्क्यांचाच फरक आहे, तथापि नमनाला आय छेदाचा रोध सु. २० टक्क्यांनी जास्त असतो. उंचीला जागा असेल, तर तुळईसाठी आय छेदच काटकसरीचा होय.

मात्र ही बळकटी एकाच दिशेची आहे. वरील ३०० मिमी.ची तुळई आडवी पाडून वापरली, तर तिचे निरूढी परिबल सु. एकोणिसाव्या भागाएवढेच उरते. उभ्या ठेवलेल्या तुळईतही हा दुबळेपणा दडलेला असतो. वरचा फ्लँज संपीडनाखाली असल्यामुळे लांब व बारीक खांबाप्रमाणे तो बाजूला सटकू पाहतो व सबंध तुळई पीळ खाऊन कलंडते. पोलादाची मूळ ताकद संपण्यापूर्वीच हे घडू शकते. इंग्लंडमधील चेस्टर येथे डी नदीवरील रेल्वे पूल २४ मे १८४७ रोजी कोसळून पाच जण मृत्यू पावले. रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या पुलाच्या तुळया ओतीव लोखंडाच्या होत्या. हा धातू ताणाला दुबळा असल्याने खालचा फ्लँज रुंद, तर वरचा बराच अरुंद ठेवला होता. शिवाय रुळांचा भार खालच्या फ्लँजच्या एकाच बाजूवर येत असे. अपघाताच्या कारणांविषयी मतभेद आहेत. तथापि अशा रचनेतून उद्भवणारी बाजूची अस्थिरता हे त्यांपैकी एक मानले जाते.

वरचा फ्लँज काँक्रीटच्या लादीत धरलेला असेल, तर ही भीती उरत नाही. जुन्या इमारतींत लोखंडी तुळयांच्या मधल्या अंतरात विटांच्या छोट्या कमानी बांधून तक्तपोशी करीत, त्यांपासूनही असाच आधार मिळे. अशा इमारतीची दुरुस्ती करताना कमानी फोडून तुळया उघड्या पाडल्या, तर त्यांची भारक्षमता कमी होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. कारखान्यातील यारीच्या तुळईवर खालच्या भाराबरोबरच बाजूचे धक्केही बसतात. तेथे आय छेदाच्या वरच्या फ्लँजवर पालथे चॅनेल जोडण्याची पद्धत आहे.

खांबाला कोणत्याही दिशेने बाक येऊ शकतो, म्हणून तेथे एच छेद वा नळी सोयीची. वर तुलना केलेल्या दोन छेदांपैकी एच छेदाचे दुबळ्या दिशेचे निरूढी परिबल आय छेदाच्या सु. साडेतीन पट आहे. चॅनेलची सपाट पाठ भिंतीला वा दुसऱ्या घटकाला चिकटून बसते, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याचे कर्तन केंद्र वेबच्या बाहेर, फ्लँजांच्या विरुद्ध बाजूस असल्यामुळे वेबवर सरळ ठेवलेला भारही त्याला पीळ देतो. बंद नळी पिळाला सर्वांत चांगली तोंड देते. तिचे जोडकाम मात्र कठीण असते आणि तोंडे नीट बंद न केल्यास आतील गंज बाहेरून दिसत नाही.

पुष्कळदा निवड ताकदीवर नव्हे, तर झोळावर ठरते. समान पसरलेल्या भाराखाली मध्यभागी पडणारा झोळ गाळ्याच्या चौथ्या घातानुसार वाढतो; गाळा दीडपट केल्यास तो सु. पाचपट होतो. गिलावा वा फरशी तडकू नये म्हणून भारतीय मानक ८०० (२००७) नुसार अशा तक्तपोशीच्या तुळयांचा चल भाराखालील झोळ गाळ्याच्या १/३६० पर्यंत मर्यादित ठेवतात. येथे अधिक ताकदीचे पोलाद घेऊन काहीच साधत नाही, कारण सर्व संरचना पोलादांचा स्थितिस्थापकता गुणांक जवळजवळ सारखाच, म्हणजे दर चौ. मिमी.ला सु. २ लाख न्यूटन असतो. अशा वेळी अधिक उंचीचा छेद घ्यावा लागतो. किंवा आय छेदाची वेब नागमोडी कापून दोन्ही अर्ध सरकवून परत जोडतात, त्यामुळे वजन न वाढता उंची सु. दीडपट होते व मधल्या भोकांतून नळ आणि विजेच्या तारा नेता येतात.