फॉस्फरस : मुबलक, तरीही अडचणीचा

मानवी शरीरातील खनिजांत कॅल्शियमखालोखाल फॉस्फरसचा क्रम लागतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात तो सुमारे ७०० ग्रॅम असतो आणि त्यापैकी जवळपास ८५ टक्के हाडे व दातांत कॅल्शियमसह साठविलेला असतो. उरलेल्या अल्प भागाचे कार्य मात्र अधिक व्यापक आहे. पेशींचे आवरण, डीएनएची साखळी आणि शरीराचे ऊर्जाचलन म्हणता येईल असे एटीपी, यांपैकी काहीही फॉस्फेटवाचून घडत नाही. दूध, अंडी, मासे, डाळी, तृणधान्ये अशा बहुतेक अन्नांत तो असल्याने त्याची निव्वळ आहारजन्य कमतरता विरळाच आढळते.

भारतापुढील प्रश्न वेगळा आहे. धान्ये व कडधान्ये यांतील बहुतांश फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात बंदिस्त असतो. ते मोडणारे फायटेज हे विकर मानवी आतड्यात नगण्य असल्याने यातील बराच फॉस्फरस शोषलाच जात नाही. शिवाय हे आम्ल अन्नातील लोह व जस्त यांनाही बांधून ठेवते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. मुख्यतः धान्यावर विसंबलेला आहार हे त्यांपैकी एक होय. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट होती. परंतु वितरित धान्याच्या आकड्यांवरून रक्तात किती लोह पोहोचले, हे कळत नाही. कडधान्यांना मोड आणणे, इडली वा आंबिलीसाठी पीठ आंबविणे या जुन्या पद्धतींनी फायटिक आम्ल घटते. स्वयंपाकघरातील हे ज्ञान पोषणविषयक धोरणात क्वचितच डोकावते.

प्रक्रिया केलेल्या अन्नाबाबत स्थिती नेमकी उलट आहे. प्रक्रियायुक्त मांस, चीज, कोला पेये यांत मिसळलेले फॉस्फेट बंदिस्त नसल्याने बहुतांशी शोषले जाते. निरोगी मूत्रपिंडे अतिरिक्त फॉस्फरस बाहेर टाकतात. ती निकामी होऊ लागली की तो रक्तात साचतो, हाडे कमकुवत होतात आणि रक्तवाहिन्या कठीण बनतात. अशा रुग्णास फॉस्फरस मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मात्र भारतात वेष्टनावरील पोषणतक्त्यात त्याचे प्रमाण छापणे बंधनकारक नाही. घटकांच्या यादीतील ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे फॉस्फेटांचे क्रमांक शोधणे, एवढेच रुग्णाच्या हाती उरते.