हात वर जात नाही? खांदा समजून घ्या

वस्तीत आरोग्याच्या बैठकीला गेलो की चाळिशीपुढच्या बायका हमखास सांगतात, "सिस्टर, हात वरच जात नाही. वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही." धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंचा एक्स-रे चांगला आला, तर मालकीण म्हणाली, "काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा." दोन घरं सुटली. एक्स-रेत हाडं दिसतात. हे दुखणं बहुतेकदा हाडात नसतंच.

शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या वाटीत बसतो ती अगदी उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो, पण लिंबू घसरायची भीतीही तेवढीच. ते जागेवर धरतात चार लहान स्नायू. खवाट्याच्या हाडावरून ते निघतात आणि त्यांच्या चिवट पट्ट्या गोळ्याला पुढून, वरून, मागून वेढतात. यालाच रोटेटर कफ म्हणतात. खोकल्याचा कफ नव्हे, सदऱ्याच्या बाहीचा!

वरचा सुप्रास्पायनेटस हात बाजूला उचलायला लागतो. मागचे दोघे हात बाहेर वळवतात, पुढचा आत. पण मोठं काम निराळंच. दंडावरचा जाड स्नायू हात उचलताना गोळ्याला वर ओढतो, तेव्हा हे चौघे त्याला वाटीत दाबून धरतात. ते थकले की गोळा वर सरकतो आणि वरची पट्टी दोन हाडांमध्ये चेपते. उंच दोरीवर कपडे वाळत घालणं, भिंती रंगवणं, घमेली उचलणं, रोज तेच. वयाने पट्टी झिजतेही.

दुखतं दंडाच्या बाहेरच्या बाजूला, आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने हळूच उचलला तर वर जातो? मग पट्टी दुखावली किंवा फाटली असू शकते. दुसऱ्यालाही उचलता येत नसेल तर बहुधा खांदा आखडलाय. मधुमेहात हे जास्त होतं, तेव्हा साखर तपासून घ्या.

झटके देऊन केलेली मालीश नको. महिनाभर हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, त्यानेच तो आखडतो. दोरी छातीइतकी खाली बांधा. कोपर आणि अंग यांच्यात टॉवेलची घडी धरा, हात कोपरात वाकवा आणि पंजा हळूहळू बाहेर न्या. दहा वेळा, दिवसातून दोनदा. कळ आली तर थांबा. आराम पडायला दोन-तीन महिने लागतात, आठ दिवसांत सोडू नका.

पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला तर मात्र त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. फाटलेली पट्टी सोनोग्राफीत दिसते. आणि हातासोबत छातीत दाब, घाम, दम असेल तर खांदा विसरा, 108 ला फोन लावा.

डॉक्टरांकडे गेलात की 'हात वर करून काम नको' एवढं चिठ्ठीवर लिहून मागा. मालकिणीला दाखवायला तेच उपयोगी पडतं.