आम्ही काहीच केले नाही

दूरच्या कचेरीतून फोन येतो आणि पलीकडचे हवालदिल गृहस्थ म्हणतात, "साहेब, कालपर्यंत मेल व्यवस्थित येत होते, आम्ही काहीच केलेलं नाही." मेल सर्व्हरचा बंदोबस्त पाहणाऱ्याच्या कानांवरून हे वाक्य इतक्या वेळा गेलेले असते की, ती एक ठरीव सबब असावी असे त्याला वाटू लागते, परंतु प्रमाणपत्रांच्या प्रकरणांत ही फिर्याद बहुधा अक्षरशः खरी असते, कारण कोणी काहीच न केल्यामुळे ठरल्या क्षणी ज्या निरुपयोगी होतात, अशा वस्तूंमध्ये सर्व्हरच्या प्रमाणपत्राची गणना अग्रभागी करावी लागेल.

तपासाचा आरंभ अर्थातच ढोबळ गोष्टींपासून होतो. सर्व्हरचे नाव योग्य पत्त्याकडे जाते की नाही, पत्रे वाचण्याचे ९९३ आणि धाडण्याचे ५८७ किंवा ४६५ ही पोर्टे त्या जागेवरून उघडी आहेत की नाहीत, एवढे पाहून झाले आणि पासवर्ड विचारला जाण्यापूर्वीच इशाऱ्याची खिडकी उभी राहते असे कळले, म्हणजे संशय प्रमाणपत्राकडे वळतो. मग मी त्या गृहस्थांना खिडकीतला मजकूर सावकाश वाचून दाखवण्याची विनंती करतो, आणि वाचता वाचता त्यांचे बोट अपवाद मान्य करण्याच्या बटणाकडे जाऊ नये म्हणून मध्येच "काही दाबू नका" असेही बजावतो. कारण थंडरबर्ड या मेल प्रोग्रामात असा अपवाद एकदा कायमचा नोंदवला की त्या प्रमाणपत्राबद्दल पुन्हा तक्रार होत नाही, आणि समोर खरा सर्व्हर नसून मध्येच कोणी तोतया बसला असेल, तर पासवर्ड आपण स्वहस्ते त्याच्या स्वाधीन केलेला असतो.

ओपनएसएसएल या साधनाच्या साहाय्याने ९९३ वर जोडणी केली की सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो, आणि ते कोणाच्या नावे आहे, कोणी दिले आहे व त्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक प्रकरणे निकालात निघतात. नाव जुळत नसेल, तर मेल प्रोग्रामात सर्व्हरचे जुने किंवा भलतेच नाव भरलेले असते. आउटलुकमध्ये सारे सुरळीत आणि थंडरबर्डमध्ये मात्र तक्रार, अशी चमत्कारिक स्थिती आढळली, तर सर्व्हर मधल्या संस्थेचे प्रमाणपत्र सोबत धाडत नसण्याचा संभव मोठा. आउटलुकसाठी विंडोज ते स्वतः शोधून आणू शकते, थंडरबर्ड तसे करीत नाही. क्वचित प्रसंगी संगणकाचे घड्याळच काही वर्षे मागे गेलेले असते आणि प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही, असा त्याचा प्रामाणिक ग्रह होतो.

सर्वांत फसवे प्रकरण मात्र निराळेच. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रामने वेळेवर नूतन केलेले, डिस्कवरील फाइल ताजी, तिच्यावरील तारीख निर्दोष; आणि तरीही जोडणी करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडते ते मुदत संपलेलेच! कारण मेल देणाऱ्या डव्हकॉटने सुरू होताना वाचलेली प्रत स्मरणात धरलेली असते आणि नवी प्रत वाचण्याचा हुकूम त्याला कोणी दिलेला नसतो. दप्तरात नवी सनद येऊन पडावी आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याने जुनीच दाखवीत राहावे, तसा हा प्रकार. येथे केवळ फाइल पाहून "आमच्याकडे सर्व ठीक आहे" असे उत्तर देणारा व्यवस्थापक खोटे बोलत नसतो, तरी त्याने तपास केला असे मी म्हणणार नाही. तपास फाइलीचा नव्हे, पोर्टाचा करावयाचा असतो. डव्हकॉटला एक रीलोडची आज्ञा मिळाली की खिडकी नाहीशी होते, आणि नूतनीकरणानंतर ती आज्ञा आपोआप दिली जाईल अशी एक ओळ सर्टबॉटमध्ये घातली की हे प्रकरण पुन्हा उद्भवत नाही.

ही ओळ घालण्याचा आळस यापुढे परवडणारा नाही. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर निर्माते यांच्या फोरमने एप्रिल २०२५ मध्ये संमत केलेल्या ठरावानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटणार असून १५ मार्च २०२९ पासून ती अवघी ४७ दिवसांची राहील.