लेथवर कातलेला दगड

लाकूड लेथवर चढवून गोल कातणं आपल्या ओळखीचं. पाळण्याचे दांडे असेच तयार होतात. दगडही असाच कातता येतो, हे मात्र चटकन डोक्यात येत नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, संडरलँडच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये असे कातीव दगडी खांब पश्चिमेच्या दारात उभे आहेत. वय सुमारे साडेतेराशे वर्षं.

हे चर्च मंकवेअरमाउथच्या मठाचं; तो मठ बेनेडिक्ट बिस्कॉप या भिक्षूने 674 मध्ये स्थापला. अँग्लो-सॅक्सन लोक बांधायचे ते लाकडात, अगदी राजांचे वाडेसुद्धा. इ.स. 410 च्या सुमारास ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली आणि दगडी बांधकामाची विद्याही जवळजवळ लोपली. बिस्कॉपला तर चर्च हवं होतं रोमन धाटणीचं. त्याने सरळ गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, गवंडी आणले, मागाहून काचकारागीरही. लहानपणी याच मठात आलेल्या बीड या भिक्षू-इतिहासकाराने हे नोंदवून ठेवलंय. 1959 पासून रोझमेरी क्रॅम्प यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा खिडक्यांच्या रंगीत काचेचे तुकडेही हाती लागले.

खांब बुटके आहेत, अंगावर एकाखाली एक आडवी कडी. नुसत्या छिन्नीने कोरलेली खाच कुठे खोल जाते, कुठे उथळ राहते. इथे ती चहूबाजूंनी एकसारखी फिरते. कारण हत्यार जागेवर होतं आणि फिरत होता तो दगड! वालुकाश्म खाणीतून नुकता निघालेला असताना ओलसर आणि त्यामानाने मऊ असतो. ओल बाहेर पडताना त्यात विरघळलेली खनिजं पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाची साल कठीण होते. मऊ असतानाही त्यातले क्वार्ट्झचे कण हत्याराची धार खातातच.

खांबांच्या खाली, चौकटीच्या दगडावर, चोचीत चोच अडकवलेले लांबलचक प्राणी कोरलेत. नजर आधी तिकडेच जाते, आणि ते आहेतही देखणे. पण प्राण्यांची अशी गुंफण त्या काळच्या दागिन्यांवरही सापडते. साधे दिसणारे हे खांब मात्र कारागिराकडे कोणतं यंत्र होतं, तेच सांगतात. माझं मत त्यांनाच.

न्यूकॅसलला कुणाकडे जाणं झालंच, तर मेट्रोने संडरलँडच्या अलीकडे सेंट पीटर्स स्टेशनवर उतरा. चर्च तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.